योझेफ काइलबेर्ट: कार्ल्सरूहच्या पियानोपासून म्युनिकच्या पिटपर्यंत

मंद्रसप्तक

विसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेरा कंडक्टरांची चर्चा निघाली की ती फुर्टवेंग्लर, क्नापर्ट्सबुश आणि कारायान यांच्यापाशीच संपते. योझेफ काइलबेर्ट यांचं नाव क्वचित येतं, आणि आलं तरी 'त्रिस्टान चालू असताना गेले ते' एवढ्याच ओळखीने. त्यांची कारकीर्द नीट मांडावी म्हणून हा धागा काढतोय. जर्मनीतलं नाट्यगृह कंडक्टर कसा घडवतं, हे समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही.

जन्म 19 एप्रिल 1908, कार्ल्सरूह. 1925 मध्ये, म्हणजे सतराव्या वर्षी, गावातल्याच राज्य नाट्यगृहात कोरेपेटिटॉर. तिथेच एकेक पायरी चढत 1935 मध्ये त्याच नाट्यगृहाचे जनरल म्युझिक डायरेक्टर. वय 27. 1940 ते 1945 प्रागमधल्या जर्मन फिलहार्मनिकचे प्रमुख. 1945 ते 1950 ड्रेस्डेनचा ऑपेरा. त्यानंतर बाम्बेर्ग सिम्फनी, आणि 1951 पासून 1959 पर्यंत जोडीने हॅम्बुर्गचा फिलहार्मनिक स्टेट ऑर्केस्ट्रा. 1952 ते 1956 दर उन्हाळ्यात बायरॉइटचा वाग्नर महोत्सव. 1959 पासून बव्हेरियन स्टेट ऑपेराचे जनरल म्युझिक डायरेक्टर, ते 20 जुलै 1968 रोजी त्याच पिटमध्ये (मंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्यात) वाग्नरच्या 'त्रिस्टान उंड इझोल्ड'च्या दुसऱ्या अंकात कोसळून मृत्यू येईपर्यंत.

या यादीत एक गोष्ट ठळक आहे. स्पर्धा जिंकून किंवा कुणाच्या जागी ऐन वेळी उभं राहून एका रात्रीत नाव झालं, असा टप्पाच यात नाही. पंधरा वर्षं एकाच नाट्यगृहात, पियानोपासून व्यासपीठापर्यंत. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत जे ऐकू येतं त्याचं मूळ या पंधरा वर्षांत आहे असं माझं मत आहे. जाणकारांनी भर घालावी.

प्रॉम्प्टर

उत्तम विषय. कोरेपेटिटॉर म्हणजे नक्की काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर त्या पंधरा वर्षांचं वजन कळणार नाही.

कोरेपेटिटॉर गायकांकडून भूमिका बसवून घेतो. समोर संपूर्ण वाद्यवृंदाचा पियानोसाठी केलेला संक्षेप असतो. तो वाजवायचा, गायकाची चूक त्याच वेळी पकडायची, आणि समोर नसलेल्या बाकी पात्रांच्या ओळी स्वतः म्हणायच्या, म्हणजे गायकाला आपली जागा कळते. क्रम साधारण असा: आधी शब्द लयीत नुसते बोलून घेणं, मग स्वर, मग श्वासाच्या जागा ठरवून पेन्सिलीने खुणा, आणि शेवटी लय खरी होईल तेवढी नेणं. वाग्नरमध्ये संक्षेपातलं सगळंच्या सगळं दोन हातांनी वाजत नाही. काय गाळायचं हे कळणं हीच परीक्षा. गायक ज्या स्वरावरून आपला स्वर उचलणार आहे तो बासरीत असो की तिसऱ्या हॉर्नमध्ये, तो गाळून चालत नाही. नवखे लोक वरची सुरावट वाजवतात आणि हा नेमका आधाराचा स्वर सोडतात. मग वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्या तालमीला गायक हरवतो.

प्रयोगाच्या रात्री हाच माणूस मंचामागे असतो. पडद्यामागचा कोरस, लांबून येणारे हॉर्न, घंटा यांना इशारे देतो. सेलेस्टा किंवा ऑर्गन लागला तर तोही वाजवतो.

अशी चार-पाच वर्षं काढली की ऑपेरा आतून पाठ होतो. कुठला टेनर कुठे अर्धा ठोका आधी निघतो, कुठे श्वास पुरत नाही, प्रॉम्प्टर कुठे शब्द देतो, हे सगळं. कंडक्टर म्हणून उभं राहिल्यावर डोकं पानात घालावं लागत नाही, नजर मंचावर राहते.

रानवारा

प्रॉम्प्टर, याला जोडूनच तालमींचा क्रमही लिहा ना. इथल्या पुष्कळांना सिम्फनीची तालीम माहीत आहे, ऑपेराची नाही.

प्रॉम्प्टर

लिहितो. नव्या निर्मितीला मंचावरच्या तालमी साधारण सहा आठवडे. या काळात साथ फक्त पियानोची. कोरस स्वतःच्या प्रमुखाबरोबर वेगळा तयार होत असतो आणि वाद्यवृंद गायकांविना वेगळा. मग या दोन्ही वाटा एकत्र येतात ती बैठी तालीम: गायक खुर्च्यांवर, अभिनय नाही, वेशभूषा नाही, फक्त संगीत. कंडक्टरच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची तालीम हीच, कारण लयीचे सगळे करार इथे होतात. त्यानंतर पूर्ण नेपथ्यासह पियानोवरची मुख्य तालीम, मग वाद्यवृंदासह मंचावरच्या तालमी, वाद्यवृंदाची मुख्य तालीम, आणि शेवटी रंगीत तालीम.

हे झालं नव्या निर्मितीचं. जर्मन नाट्यगृहाचा खरा कस लागतो तो रोजच्या प्रयोगांत. आज 'फिगारो', उद्या 'लोहेनग्रिन', परवा 'कार्मेन', आणि जुन्या निर्मितीला वाद्यवृंदाची तालीम बहुतेक वेळा मिळतच नाही. दुपारी मुख्य गायिका आजारी पडली की दुसऱ्या शहरातून कुणीतरी गाडीने येते आणि संध्याकाळी सात वाजता उभी राहते. तिच्याशी बोलायला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात पहिला प्रश्न लयीचा विचारायचा नसतो, काटछाटीचा विचारायचा असतो. प्रत्येक नाट्यगृहाच्या काटछाटी वेगळ्या असतात. वादकांच्या पानांवर काट जिथे सुरू होते तिथे 'वी' आणि जिथे संपते तिथे 'दे' अशी खूण असते. पाहुण्या गायिकेने वेगळी काट पाठ केलेली असेल तर ती एका पानावर आणि वाद्यवृंद तिसऱ्या पानावर. ही चूक हातवाऱ्यांनी सावरता येत नाही.

नीलांबरी

सुंदर माहिती. मात्र धाग्याच्या सुरुवातीला 1935 आणि 1940 ही वर्षं नुसती पदं म्हणून आली आहेत, तिथे थांबायला हवं. कार्ल्सरूहमध्ये योझेफ क्रिप्स 1926 पासून जनरल म्युझिक डायरेक्टर होते. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना ते पद सोडावं लागलं. काइलबेर्ट यांची बढती ही त्यानंतरच्या जर्मनीतली आहे. प्रागचा जर्मन फिलहार्मनिक हा चेकांच्या ताब्यात घेतलेल्या राजधानीत जर्मन सत्तेने उभा केलेला वाद्यवृंद होता. 1944 च्या 'गॉटबेग्नाडेटेन' यादीत, म्हणजे राजवटीला अत्यावश्यक वाटणाऱ्या आणि म्हणून युद्धसेवेतून वगळलेल्या कलावंतांच्या यादीत, काइलबेर्ट यांचं नाव आहे. त्यांच्या कामाबद्दल कितीही आदर असला तरी हे लिहिल्याशिवाय कारकीर्द पूर्ण होत नाही.

मंद्रसप्तक

नीलांबरी, पूर्ण मान्य. पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत. पुढचा दुवाही त्यातूनच निघतो. 1945 नंतर जर्मन लोकांना चेकोस्लोव्हाकियातून हाकललं गेलं, त्यात या वाद्यवृंदाचे वादक होते. त्यातले बरेच जण बव्हेरियातल्या बाम्बेर्गला जमले आणि 1946 मध्ये तिथे नवा वाद्यवृंद उभा राहिला. तोच आजचा बाम्बेर्ग सिम्फनी. काइलबेर्ट त्या वेळी ड्रेस्डेनला होते. काही वर्षांनी ते बाम्बेर्गला गेले तेव्हा समोर बसलेल्यांपैकी अनेक जण प्रागचे जुने सहकारी होते.

ड्रेस्डेनचा काळ तर फार कठीण. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तिथलं सेम्पर ऑपेरा नाट्यगृह जळून गेलं होतं. ऑपेरा पर्यायी, लहान जागेत चालायचा. लहान जागा म्हणजे लहान पिट, आणि लहान पिट म्हणजे तंतुवाद्यं कमी. तंतुवाद्यं कमी आणि पितळी वाद्यं तेवढीच राहिली की तोल बिघडतो. त्या काळातली 'रुसाल्का' (1948) आणि 'सालोमे' (1950) ही ध्वनिमुद्रणं ऐकली तर कठीण दिवसांतही स्टाट्सकापेलेचा, म्हणजे तिथल्या ऑपेराच्या वाद्यवृंदाचा, स्वर किती शाबूत होता ते कळतं. 'सालोमे'त क्रिस्टेल गोल्ट्स आहे. जरूर ऐका.

चेलोवाला

बायरॉइटकडे येऊया. काइलबेर्ट यांचं सर्वांत मोठं काम तिथलं आहे, आणि तिथल्या पिटची रचना माहीत नसेल तर त्या कामाची अवघडता लक्षात येत नाही.

पिट प्रेक्षकांना दिसत नाही. वाद्यवृंद सहा पायऱ्यांवर मंचाच्या खाली उतरत जातो. सगळ्यात वर व्हायोलिन, मग व्हायोला, चेलो, मग लाकडी फुंकवाद्यं, आणि अगदी तळाशी, मंचाच्या फळ्यांखाली, पितळी वाद्यं आणि टिंपनी. कंडक्टर आणि वादकांवर वळणदार झाकण. एरवी कंडक्टरच्या डावीकडे बसणारी पहिली व्हायोलिन इथे उजवीकडे बसतात आणि दुसरी डावीकडे. कारण सोपं आहे. स्वर थेट प्रेक्षागृहात जात नाही, झाकणावर आपटून मंचाकडे जातो. उजवीकडे बसवल्यावर पहिल्या व्हायोलिनच्या पोटाची भोकं मंचाकडे येतात.

आता अडचण बघा. वाद्यवृंदाचा स्वर आधी मंचावर जातो, तिथे गायकाच्या आवाजात मिसळतो आणि मग बाहेर पडतो. गायक त्याला ऐकू येणाऱ्या वाद्यवृंदाबरोबर गातो, म्हणजे मुळातच किंचित उशिरा. तो आवाज पिटमध्ये परत पोचेपर्यंत आणखी उशीर, आणि तोही पितळी वाद्यांच्या गदारोळातून पुसट. कंडक्टरने कानावर विसंबून गायकासाठी थांबायचं ठरवलं की वाद्यवृंद मागे पडतो, त्यामुळे गायक आणखी मागे पडतो, आणि दोन पानांत सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं. म्हणून तिथे कान बाजूला ठेवून हात पुढे ठेवावा लागतो. पिटमध्ये गायक मागे वाटला पाहिजे, तेव्हा कुठे प्रेक्षागृहात दोघं एकत्र पडतात. तालमींच्या वेळी सहायक प्रेक्षागृहात बसतात आणि पिटमधल्या टेलिफोनवरून कळवतात: हॉर्न मोठे, चेलो उशिरा, वगैरे. पहिल्या वर्षी तिथे आलेल्या नामवंतांचीही या पिटमध्ये त्रेधा उडते.

चेलोवाला

वरच्यात राहिलेलं: 'रिंग'साठी, म्हणजे चार ऑपेरांच्या मालिकेसाठी, वाग्नरने मागितलेली संख्या. 16 पहिली आणि 16 दुसरी व्हायोलिन, 12 व्हायोला, 12 चेलो, 8 डबल बास. नुसती तंतुवाद्यं 64. शिवाय 8 हॉर्न, त्यातले चार जण गरजेप्रमाणे वाग्नर ट्यूबा उचलतात. बास ट्रम्पेट, कॉन्ट्राबास ट्रॉम्बोन, 6 हार्प. मालिकेतल्या पहिल्या ऑपेरात, 'ऱ्हाइनगोल्ड'मध्ये, ऐरणी 18.

'ऱ्हाइनगोल्ड'ची सुरुवातच बघा. 136 मात्राखंड एकच ई-फ्लॅट मेजर कॉर्ड (स्वरसंघात). डबल बासच्या निम्म्या वादकांनी खालची तार अर्धा स्वर उतरवलेली असते, कारण तो स्वर नेहमीच्या तारेवर नाही. पाचव्या खंडात बसून हे खालच्या स्वरांचं लाकडी फुंकवाद्य येतं, सतराव्यापासून हॉर्न एकामागून एक. इथे हमखास तीन गोष्टी बिघडतात. हॉर्नचा प्रत्येक प्रवेश वेगळा टोचतो, आवाज फार लवकर चढतो आणि शेवटच्या चढाला जागा उरत नाही, किंवा लय नकळत पुढे धावते. काइलबेर्ट यांच्या 1955 च्या मुद्रणात हा चढ किती उशिरा सोडला आहे ते ऐका. पाणी हलायला लागतं तेव्हाच कळतं की आतापर्यंत त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

रानवारा

1955 चं मुद्रण म्हणजे इतकी वर्षं डब्यात पडून राहिलं तेच ना? त्याची हकिगत कुणी सविस्तर सांगेल का?

मंद्रसप्तक

हो, तेच. डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने 1953 मध्ये बायरॉइटला काइलबेर्ट यांचा 'लोहेनग्रिन' मोनोमध्ये मुद्रित केला होता. 1955 मध्ये ते स्टीरिओची यंत्रणा घेऊन परत आले. निर्माते पीटर अँड्री, ध्वनिमुद्रक केनेथ विल्किन्सन. 'फ्लीगेंडे हॉलेंडर' आणि अख्खी 'रिंग' प्रत्यक्ष प्रयोगांतून मुद्रित झाली. 'रिंग'चं हे पहिलं संपूर्ण स्टीरिओ मुद्रण. लक्षात घ्या, स्टीरिओ तबकड्या बाजारात यायला अजून तीन वर्षं होती. विकायचं काय आणि कसं, हे ठरायच्या आधी केलेलं काम.

'हॉलेंडर' प्रसिद्ध झाला. 'रिंग' मात्र बाजूला पडली. डेक्काचे जॉन कल्शॉ हे प्रत्यक्ष प्रयोगाच्या मुद्रणाचे पुरस्कर्ते नव्हते. त्यांना 'रिंग' स्टुडिओत, ध्वनीच्या सगळ्या सोयींसह करायची होती. 1958 मध्ये व्हिएन्नात त्यांनी कंडक्टर सोल्टी यांच्याबरोबर 'ऱ्हाइनगोल्ड' केला आणि 1965 पर्यंत चारही भाग पूर्ण झाले. एकाच कंपनीने दोन 'रिंग' विकायला काढण्याचा प्रश्नच नव्हता. काइलबेर्ट यांची फीत 2006 मध्ये टेस्टामेंट या कंपनीने प्रसिद्ध केली. अर्धशतक उलटून गेलं होतं. काइलबेर्ट जाऊनही अडतीस वर्षं झाली होती.

या एका निर्णयाने त्यांच्या कीर्तीचं नुकसान झालं, असं माझं ठाम मत आहे. 1950 च्या दशकातले गायक भरात असताना, बायरॉइटच्या पिटमध्ये, स्टीरिओत: हे 1960 पर्यंत लोकांच्या घरात पोचलं असतं तर नावांची क्रमवारी वेगळी लागली असती.

नीलांबरी

गायकांची नावं लिहिते, कारण त्या उन्हाळ्यात 'रिंग'च्या दोन फेऱ्या झाल्या आणि त्यांचा घोळ विकत घेताना होतो. पहिल्या फेरीत वोटान हान्स हॉटर, ब्र्युनहिल्डे आस्ट्रिड वार्नाय, सीगफ्रीड वोल्फगांग विंडगासेन, आल्बेरिश गुस्ताव नाइडलिंगर, हागेन योझेफ ग्राइंडल. सीगमुंड रामोन विनाय, सीगलिंडे ग्रे ब्राउवेनस्टाइन, गुंथर हेर्मान ऊडं.

दुसऱ्या फेरीतले 'वाल्क्यूरे' आणि 'ग्योटरडेमरुंग'ही टेस्टामेंटने स्वतंत्र काढले आहेत. त्यांत ब्र्युनहिल्डे मार्था म्योडल. 'वाल्क्यूरे'त सीगलिंडे वार्नाय गाते, आणि 'ग्योटरडेमरुंग'मध्ये गुंथर हॉटर गातात. तोच कंडक्टर, तोच वाद्यवृंद, तोच महिना, आणि ब्र्युनहिल्डे बदलल्याबरोबर लय कशी बदलते हे शिकायचं असेल तर दोन्ही शेवटचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवून ऐकावेत. वार्नायचा आवाज मोठा आणि सरळ, तिच्याखाली वाद्यवृंद पुढे जातो. म्योडल शब्दावर थांबते, तर काइलबेर्ट तिच्या व्यंजनासाठी जागा करून देतात. प्रॉम्प्टर यांनी लिहिलेली ती कोरेपेटिटॉरची वर्षं इथे ऐकू येतात.

गवाक्ष

धागा वाचतोय, फार दर्जेदार चाललाय. एक मतभेद नोंदवतो. क्नापर्ट्सबुश यांच्या 1956 च्या 'रिंग'पुढे काइलबेर्ट मला वरवरचे वाटतात. लय जलद, नाट्य पुढे ढकललेलं, पण 'ग्योटरडेमरुंग'च्या शोकयात्रेत जी खोली हवी ती नाही. क्नापर्ट्सबुश एका विरामात जे सांगतात ते इथे हरवतं. काइलबेर्ट नाट्यगृहाचे विश्वासू शिलेदार होते, पण पहिल्या रांगेतले नव्हेत.

चेलोवाला

गवाक्ष, शोकयात्रेपुरतं तुमचं म्हणणं मला पटतं. ती क्नापर्ट्सबुश यांची जागा आहे. पण 'रिंग' म्हणजे शोकयात्रा नाही, चौदा-पंधरा तासांचं संभाषण आहे. 'वाल्क्यूरे'च्या दुसऱ्या अंकातलं वोटानचं स्वगत घ्या. आवाज जवळजवळ कुजबुजीचा, खाली फक्त खालच्या तंतुवाद्यांचे लांब स्वर. लय धरायला वादकाजवळ काहीच नसतं, फक्त कंडक्टरचा हात आणि हॉटर यांचे शब्द. इथे लय जड केली की प्रेक्षक सुटतो, घाई केली की स्वगताचा अर्थ जातो. काइलबेर्ट तिथे प्रत्येक वाक्याचा वेग वेगळा ठेवतात आणि तरी धागा तुटत नाही. वाद्यवृंद बोलणाऱ्या माणसाच्या श्वासावर चालतो. अशी साथ पहिल्या रांगेतली नाही तर कुठली?

आणखी एक. 1953 मध्ये 'रिंग' कंडक्टर क्लेमेन्स क्राउस आणि काइलबेर्ट यांनी वाटून घेतली होती. क्राउस यांची हलकी, पारदर्शक. काइलबेर्ट यांची त्याच गायकांच्या बळावर जास्त टोकदार. 1954 मध्ये क्राउस वारले. त्याच वर्षी 'टानहॉयझर'साठी ठरलेले कंडक्टर मार्केव्हिच बाजूला झाले आणि ती जबाबदारीही काइलबेर्ट यांच्याकडे आली. एका उन्हाळ्यात 'रिंग' आणि वर 'टानहॉयझर'. या पिटमध्ये ऐन वेळी असं काम उचलायला फार थोडे लोक सापडतात.

गवाक्ष

चेलोवाला, वोटानचं स्वगत पुन्हा ऐकलं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, तिथे ते फार वरचे आहेत. शोकयात्रेवर मात्र मी ठाम.

कुमुद_

म्युनिकचा काळ कुणी लिहिलाच नाही! मी लिहिते.

म्युनिकचं नॅशनल थिएटर ऑक्टोबर 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. पुढची वीस वर्षं ऑपेरा प्रिन्त्सरेगेंटेन थिएटरमध्ये. काइलबेर्ट 1959 मध्ये आले तेव्हा पुनर्बांधणी चालू होती. 21 नोव्हेंबर 1963 रोजी रिचर्ड श्ट्राउस यांच्या 'दी फ्राउ ओहने शाटेन'ने नॅशनल थिएटर उघडलं, आणि 23 तारखेला 'माइस्टरझिंगर'. दोन्ही काइलबेर्ट यांच्याकडे. दोन्ही प्रत्यक्ष मुद्रित झाले आणि दोन्ही मिळतात.

तीन दिवसांत हे दोन ऑपेरा, तेही नव्या सभागृहात, यातली जोखीम सांगते. सभागृह रिकामं असताना आणि भरलेलं असताना ध्वनी वेगळा असतो. प्रेक्षकांचे कपडे उंच स्वर शोषतात, त्यामुळे तालमीत चकचकीत वाटलेली व्हायोलिन प्रयोगात मंद होतात. पितळी वाद्यांचं मात्र फारसं काही कमी होत नाही. म्हणजे तालमीत साधलेला तोल पहिल्या रात्री आपोआप पितळेकडे झुकतो. पिट उघडा असल्यामुळे बायरॉइटसारखं झाकणही मदतीला नाही. 'फ्राउ ओहने शाटेन'मध्ये शंभरावर वादक, चार वाग्नर ट्यूबा, ग्लास हार्मोनिका, वाऱ्याचं यंत्र, चिनी गाँग. अशा स्कोअरमध्ये उपाय एकच असतो: पितळी वाद्यांच्या पानांवरच्या आवाजाच्या खुणा एक पायरी खाली आणणं, आणि मोठा आघात दिल्यावर लगेच मागे सरायला लावणं. इंगे बोर्ख, इंग्रिड ब्योनर, जेस थॉमस, म्योडल आणि फिशर-डीस्काउ असे दमदार आवाज असूनही ऑर्केस्ट्रा त्यांच्या वर चढत नाही, तो या मेहनतीमुळे.

घेण्याआधी लक्षात ठेवा: या प्रयोगात त्या काळच्या प्रथेप्रमाणे काटछाट आहे, तिसऱ्या अंकात विशेष. संपूर्ण आवृत्ती हवी असेल तर ती दुसरीकडे शोधावी लागेल. स्कोअर हातात घेऊन ऐकणाऱ्यांचा इथे फार गोंधळ होतो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली 'अराबेला' प्रिन्त्सरेगेंटेन थिएटरची आहे: लिझा डेला काझा, फिशर-डीस्काउ, आनेलीझे रोथेनबेर्गर. श्ट्राउसमध्ये नवीन असणाऱ्यांनी आधी ही घ्यावी.

रानवारा

कुमुद_, धन्यवाद. म्युनिकच्या या पदाशी आपला एक दुवा आहे हे सांगायला हवं. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता 1998 ते 2006 याच बव्हेरियन स्टेट ऑपेराचे जनरल म्युझिक डायरेक्टर होते. काइलबेर्ट, मग 1971 पासून झावालिश, श्नाइडर, आणि मग मेहता.

मला प्रश्न आहे तो मृत्यूविषयी. कंडक्टर फेलिक्स मॉटलही म्युनिकलाच 'त्रिस्टान'च्या वेळी वारले, असं सगळीकडे वाचायला मिळतं. दोघं नक्की एकाच जागी?

प्रॉम्प्टर

अर्धं बरोबर. मॉटल 21 जून 1911 रोजी म्युनिकला 'त्रिस्टान' कंडक्ट करताना कोसळले, पण त्यांचा मृत्यू 2 जुलैला झाला, अकरा दिवसांनी. काइलबेर्ट मात्र त्याच संध्याकाळी गेले. याहून बोलका योगायोग दुसरा आहे: मॉटल 1881 पासून 1903 पर्यंत कार्ल्सरूहला होते. बेर्लिओझच्या 'ले त्रोयां'चे दोन्ही भाग मिळून पहिला प्रयोग त्यांनीच 1890 मध्ये तिथे केला. म्हणजे कार्ल्सरूहचं नाट्यगृह, मग म्युनिक, मग 'त्रिस्टान'. मार्ग तोच.

यात गूढ काही शोधू नये. दुसऱ्या अंकाचा भार बघा. तो सव्वा तासाच्या आसपास चालतो. सुरुवातीलाच मंचामागे सहा हॉर्न, राजा मार्कची शिकार. लांबून येणारा स्वर मागे पडतो आणि उतरलेला वाटतो, म्हणून मागच्या वादकांना ठोक्याच्या किंचित आधी आणि जरा चढ्या स्वरात वाजवायला सांगतात. मग दिवा विझतो आणि वाद्यवृंद अक्षरशः उसळतो, लय मिनिटागणिक बदलते. त्यातून एकदम शांत प्रेमगीत, आणि त्यावर बुरुजावरून ब्रांगेनेचा इशारा. ती गायिका लांब आणि उंचावर असते, तिला वाद्यवृंद उशिरा ऐकू येतो. सहायकाने तिला कंडक्टरचा हात बघून खूण द्यायची, कानावर जायचं नाही. ती मागे राहिली की खालचे दोघं प्रेमिक तिच्यासाठी थांबतात, आणि इतका वेळ तरंगत ठेवलेली लय जमिनीवर येते. शेवटी चढ पुन्हा, एका किंकाळीवर तुटतो, आणि लगेच मार्कचं संथ स्वगत. आवेग आणि संथपणा यांचे हे झोके, वर जुलैचा उकाडा. साठीच्या हृदयाला हे फार असतं.

या अंकात प्रेमगीताच्या आधीचा दिवस-रात्रीचा संवाद काटायची जुनी प्रथा आहे. काट घेतली तर गायकांचे श्वास वाचतात, पण मधली चढण नाहीशी होते आणि प्रेमगीत हवेतून पडल्यासारखं येतं.

अनाहत

नवीन वाचक आहे. एवढं वाचून ऐकायची इच्छा झाली, पण पंधरा तासांची 'रिंग' सुरुवातीला झेपणार नाही. कुठून सुरू करू?

कुमुद_

अनाहत, वेबरचा ऑपेरा 'फ्राइशुट्झ' घ्या. 1958, बर्लिन फिलहार्मनिक, स्टुडिओतलं मुद्रण, त्यामुळे आवाज स्वच्छ. एलिझाबेट ग्र्युमर, रुडॉल्फ शॉक, लिझा ऑटो, गॉटलोब फ्रिक. दोन जागा नीट ऐका. पहिली अगाथेचं दुसऱ्या अंकातलं मोठं गाणं. सुरुवातीची प्रार्थना इतकी हळू आहे की गायिकेचा श्वास आणि तंतुवाद्यांचा गज एकाच वेळी संपले पाहिजेत. दुसरी लांडग्यांच्या दरीचा प्रसंग. तिथे बरंचसं गायलं जात नाही, बोललं जातं, आणि खाली वाद्यवृंद चालू असतो. सात गोळ्या ओतायच्या, प्रत्येक आकड्यानंतर प्रतिध्वनी, आणि प्रत्येकानंतर संगीत वेगळं. बोलणाऱ्याला ठोका नसतो, वादकाला असतो. दोघांची गाठ घालणं हे अस्सल नाट्यगृही कौशल्य.

मंद्रसप्तक

कुमुद_ यांच्या सल्ल्याला अनुमोदन. त्यानंतर 1953 चा 'लोहेनग्रिन': विंडगासेन, एलीनर स्टेबर, वार्नाय, ऊडं. दुसऱ्या अंकाची सुरुवात, अंधारातले ओर्ट्रुड आणि टेलरामुंड, तिथे वार्नाय आणि ऊडं ज्या तऱ्हेने एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात ते ऐकाच. मग 1955 चा 'वाल्क्यूरे', पहिला अंक आधी एकटा, साधारण तासाभराचा. ऑपेराबाहेरचं काही हवं असेल तर ब्रुकनरची सहावी, बर्लिन फिलहार्मनिकबरोबर.

हिंडेमिटचा 'कार्डियाक'ही त्यांनी 1968 मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी, फिशर-डीस्काउ यांच्याबरोबर केला. वाग्नर आणि श्ट्राउस एवढीच त्यांची ओळख राहू नये म्हणून मुद्दाम सांगतो. लय काटेकोर, पोत विरळ, प्रत्येक वाद्य उघडं. 'रिंग'वाल्या काइलबेर्ट यांना ऐकून ही तबकडी लावली तर आधी ओळख पटत नाही. मग शब्दांकडे लक्ष गेलं की पटते.

अनाहत

'फ्राइशुट्झ' सुरू केलं आहे. संवादांचा अर्थ कळत नाही, तरी जर्मन संहिता समोर ठेवू की मराठीत गोषवारा आधी वाचू?

प्रॉम्प्टर

दरीच्या प्रसंगाला संहिता समोर असायलाच हवी, आकडे कुठे येतात ते बघण्यासाठी. बाकी ठिकाणी गोषवारा पुरेल. आणि एक काळजी घ्या: मुद्रणातले संवाद बहुधा कमी केलेले असतात, त्यामुळे संहितेची दोन-तीन पानं एकदम ओलांडली गेली तर आपण चुकलो असं समजू नका. पुढच्या गाण्याचा पहिला शब्द शोधा आणि तिथून पुढे चला.